एकच डॉक्टर, दोन खुर्च्या: मध्य प्रदेशातल्या दवाखान्यांची एक तुलना

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, पण तिथे कुणी नीट तपासत नाही. खासगी डॉक्टर पैसे घेतो, पण निदान नाडी तरी बघतो. असं बोलणं आपल्याकडे कुठल्याही एसटी स्टँडवर ऐकायला मिळतं. त्याच्या उलट बोलणारेही तितकेच ठाम असतात: खासगीवाले गरज नसताना सलाईन लावतात, सरकारी डॉक्टर निदान शिकलेला तरी असतो. दोन्ही बाजूंचे लोक स्वतःच्या अनुभवावरूनच बोलत असतात. म्हणूनच वाद मिटत नाही.

हा वाद पुराव्यावर आणण्याचा एक फार मोलाचा प्रयत्न २०१० च्या आसपास मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात झाला. जिष्णू दास, अलका होला, आकाश मोहपाल आणि कार्तिक मुरलीधरन या अर्थतज्ज्ञांनी तो केला. त्यांचा निबंध २०१६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. प्राथमिक आरोग्यसेवेचा खर्च आणि दर्जा यांची तुलना कशी करावी, हे शिकवायला मला याहून चांगलं प्रकरण सापडलेलं नाही. निष्कर्ष महत्त्वाचे आहेतच, पण ते कसे काढले हे आधी समजून घ्यायला हवं. त्याशिवाय निष्कर्ष हाती धरता येत नाहीत.

तुलना अडते कुठे

दोन दवाखान्यांची तुलना करायची म्हटलं की पहिली अडचण पेशंटची. प्राथमिक आरोग्य केंद्रात जो येतो आणि बाजारपेठेतल्या खासगी दवाखान्यात जो येतो, ते दोघे सारखे नसतात. एकाकडे पैसे नसतात म्हणून तो आठ दिवस अंगावर काढून येतो. दुसरा पहिल्याच दिवशी येतो. मग एकाचा आजार बळावला आणि दुसऱ्याचा बरा झाला, तर त्यात डॉक्टरचा वाटा किती?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. पेशंटला खरोखर काय झालं होतं, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. केसपेपरवर ‘ताप, अंगदुखी’ एवढंच असतं आणि खाली दोन गोळ्या. त्या गोळ्या बरोबर होत्या की चूक, हे आजार कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि आजार तर त्या डॉक्टरनेच ठरवायचा असतो. नोंदी कितीही नीटनेटक्या असल्या तरी त्यातून दर्जा वाचता येत नाही.

तिसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. कोपऱ्यात वही घेऊन कुणी बसलं की डॉक्टर जास्त प्रश्न विचारतो आणि स्टेथोस्कोप छातीला जरा जास्त वेळ लावतो.

मग पेशंटलाच विचारावं, तर तिथेही घोटाळा आहे. आपल्याकडे चांगल्या डॉक्टरची ओळख ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ अशी सांगतात. ओपीडीत येणाऱ्या बहुतेक तक्रारी, म्हणजे सर्दी, साधा ताप, विषाणूंमुळे झालेले जुलाब, चार-सहा दिवसांत आपोआप कमी होणाऱ्या असतात. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन घेतलं आणि चौथ्या दिवशी ताप उतरला की गुण इंजेक्शनच्या नावे जमा होतो. चूक उपचार करणारालाही असे गुण भरपूर मिळतात. ज्याने काहीच न देता ‘दोन दिवस वाट बघा’ म्हटलं, त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही.

शिकवून तयार केलेले पेशंट

या अभ्यासकांनी तिन्ही अडचणी एकदम सोडवल्या. त्यांनी स्थानिक माणसं निवडली आणि त्यांना पेशंटची भूमिका शिकवली. प्रत्येकाला एक ठरलेला आजार, एक ठरलेली सुरुवातीची तक्रार आणि तिच्यामागची सगळी हकिगत तोंडपाठ असायची. काम काय, घरी कोण, दुखणं कधीपासून, रात्री काय होतं, आधी असं झालं होतं का, हे सगळं. मात्र नियम असा की डॉक्टरने विचारलं तरच सांगायचं. आपण होऊन एक अक्षर जास्त बोलायचं नाही. इंजेक्शन किंवा शरीरात सुई घालायची वेळ आली तर काहीतरी कारण सांगून टाळायचं, हेही शिकवलेलं होतं. पैसे मागितले तर द्यायचे, दिलेल्या पुड्या घ्यायच्या पण खायच्या नाहीत. बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात देखरेख करणाऱ्या सहकाऱ्याला सगळी भेट सांगायची: काय विचारलं, काय तपासलं, किती मिनिटं गेली, काय दिलं, किती घेतले.

आता सगळ्या दवाखान्यांत एकसारखाच पेशंट गेला. त्याला काय झालं आहे हे अभ्यासकांना आधीच माहीत होतं. आणि आपल्याला कुणी तपासतंय हे त्या क्षणी डॉक्टरला माहीत नव्हतं. तुलना खरी व्हायला आणखी काय हवं?

आजार तीन निवडले, आणि ती निवड विचारपूर्वक होती. पहिला पेशंट मध्यमवयीन पुरुष. सकाळी छातीत दुखलं म्हणून आलेला. हा अस्थिर अंजायना, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याची पूर्वसूचना. इथे प्राथमिक पातळीवरच्या माणसाने शस्त्रक्रिया करावी अशी अपेक्षाच नाही. अ‍ॅस्पिरिन द्यावं, ईसीजी काढावा किंवा लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवावं, यातलं काही केलं तरी ते बरोबर धरलं होतं. दुसरा दम्याचा, काल रात्री श्वास घ्यायला फार त्रास झाला एवढंच सांगणारा. तिसरा बाप. दोन वर्षांच्या लेकराला जुलाब होतायत, लेकरू घरी आहे, औषध द्या. हे जुलाब म्हणजे आमांश होता, पण ते कळायला शौचात रक्त पडतं का, शेंब पडते का, हे विचारावं लागतं. आणि काही असलं तरी जलसंजीवनी द्यायला सांगणं हे तर पहिलं काम.

तिन्ही आजारांत प्रश्न विचारले तरच वाट सापडते, आणि चुकलं तर माणूस जाऊ शकतो. शिवाय तिन्हींचं बरोबर उत्तर स्वस्त आहे. अ‍ॅस्पिरिन आणि जलसंजीवनी परवडत नाही म्हणून दिली नाही, असं कुणालाच म्हणता येणार नाही.

काय दिसलं

पहिला नमुना गावोगावच्या सर्वसाधारण दवाखान्यांचा होता. सरकारी बाजूला आरोग्य केंद्रं. खासगी बाजूला मुख्यतः ज्यांना आपण बोगस डॉक्टर किंवा झोलाछाप म्हणतो, ती मंडळी. आपल्या पूर्व विदर्भात आणि मध्य प्रदेशात ‘बंगाली डॉक्टर’ नावाने जो ओळखला जातो तो याच वर्गातला. यातल्या बहुतेकांकडे वैद्यकाची कुठलीही पदवी नव्हती.

सरकारी दवाखान्यात पेशंटला सरासरी २.४ मिनिटं मिळाली. विचारायला आणि तपासायला हव्यात अशा गोष्टींची जी यादी केली होती, तिच्यातल्या जेमतेम १६ टक्के झाल्या. खासगी बाजूला वेळ दीड मिनिटाने जास्त होता आणि यादीतल्या साधारण २३ टक्के गोष्टी झाल्या, म्हणजे सरकारीच्या जवळजवळ दीडपट. पदवी नसलेला माणूस पेशंटकडे जास्त लक्ष देत होता.

आणि उपचार? बरोबर उपचार मिळण्याचं प्रमाण सरकारी दवाखान्यात साधारण पाचांत एक होतं. खासगीतही तेवढंच. गरज नसलेली किंवा चुकीची औषधं दोन्हीकडे सर्रास दिली गेली. आजाराचं नाव बहुतेक ठिकाणी पेशंटला सांगितलंच गेलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं बहुधा चुकलं.

हे वाचून ‘म्हणजे पदवीला काही अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढायची घाई होते. तो काढू नये. सरकारी दवाखान्यात पेशंटला भेटणारा माणूस प्रत्येक वेळी डॉक्टर नव्हताच. पद रिकामं, किंवा भरलेलं पण साहेब आज आले नाहीत. मग कंपाउंडर किंवा दुसरा कुणी कर्मचारी चिठ्ठी लिहून देतो. ज्यांनी ग्रामीण आरोग्य केंद्रं जवळून पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. तेव्हा ही तुलना ‘एमबीबीएस विरुद्ध झोलाछाप’ अशी नव्हती. सरकारी दार आणि खासगी दार यांची ती तुलना होती, आणि दाराआड जे कुणी बसलेलं असेल त्याच्यासकट होती. पेशंटला मिळते ती सेवा अशीच मिळते, म्हणून तुलना योग्य आहे. पण तिच्यावरून पदवीविषयी काही सिद्ध होत नाही.

खर्चाचं गणितही इथेच यावं. सरकारी सेवा पेशंटला फुकट असते, समाजाला नसते. एका पेशंटमागे सरकार किती खर्च करतं आणि खासगी दवाखान्यात पेशंट किती देतो, हे शेजारी ठेवलं तेव्हा सरकारी खर्च निदान चौपट निघाला. चौपट खर्चात बरोबर उपचाराचं प्रमाण तेवढंच. मात्र हा आकडा ओपीडीतल्या एका तपासणीपुरताच वाचायला हवा. लसीकरण, बाळंतपणं, साथीच्या वेळी गावोगाव फिरणं ही कामं सरकारी यंत्रणाच करते; कोपऱ्यावरचा खासगी दवाखाना ती करत नाही. ‘सरकारी यंत्रणा चौपट महाग’ असं सरसकट वाक्य करून जो फिरवतो तो या अभ्यासावर अन्याय करतो.

दुसरा नमुना, आणि खरा धक्का

पदवीचा, ज्ञानाचा, माणसाचा असे सगळे फरक बाजूला काढून फक्त व्यवस्थेचा फरक दिसावा, अशी काही सोय आहे का? मध्य प्रदेशात ती आयती होती. तिथल्या निम्म्याहून जास्त सरकारी डॉक्टरांचा खासगी दवाखानाही होता. दिवसा आरोग्य केंद्रात आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या दवाखान्यात बसणारे हे डॉक्टर.

अभ्यासकांनी एकाच डॉक्टरकडे दोन्ही ठिकाणी तोच आजार घेऊन वेगवेगळे पेशंट पाठवले. डॉक्टर तोच, त्याचं शिक्षण तेच, मोजपट्टीही तीच. बदलली ती फक्त खुर्ची.

स्वतःच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरने जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले, जास्त तपासलं, आणि बरोबर उपचार करण्याचं प्रमाणही तिथेच लक्षणीय जास्त होतं. मोजलेल्या प्रत्येक बाबतीत खासगी दवाखाना वरचढ ठरला. खासगीत पैसे मिळतात म्हणून तिथे नको ती औषधं जास्त लिहिली असतील, हा संशय स्वाभाविक आहे. तोही खरा ठरला नाही. गरज नसलेल्या औषधांचं प्रमाण सरकारी खुर्चीवरही कमी नव्हतं.

सगळ्या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. सरकारी दवाखान्यात औषधं नसतात, उपकरणं नसतात, प्रशिक्षण कमी पडतं, ही नेहमीची स्पष्टीकरणं इथे चालत नाहीत. ‘जुलाबात रक्त पडतं का?’ हे विचारायला कुठलंही उपकरण लागत नाही. दुपारी आरोग्य केंद्रात ज्याला तो प्रश्न सुचला नाही, त्यालाच तो संध्याकाळी सुचतो. म्हणजे त्याला तो माहीत होता.

गर्दीचं काय? आरोग्य केंद्रात रांग असते, डॉक्टर तरी काय करणार, हा बचाव प्रामाणिक असतो आणि अनेक ठिकाणी खराही असतो. पण बाहेर किती पेशंट बसले आहेत हे हिशेबात धरूनही फरक उरलाच. रांग नसतानाही तपासणी आटोपशीरच होती.

याचा दोष त्या डॉक्टरवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी डॉक्टर असतो, कारकून असतो आणि मीटिंगला जाणारा अधिकारीही असतो. त्याच्या वरिष्ठाला अहवाल वेळेवर गेला का हे कळतं. छातीत दुखणाऱ्या माणसाला त्याने ‘दुखणं हातात जातं का’ असं विचारलं का, हे कधीच कळत नाही. चांगलं तपासलं म्हणून कुणी पाठ थोपटत नाही आणि न तपासता चिठ्ठी लिहिली म्हणून कुणी जाब विचारत नाही. स्वतःच्या दवाखान्यात मात्र पेशंट पुन्हा आला नाही तर ते त्याच संध्याकाळी जाणवतं.

अभ्यासातला एक तपशील याला बळ देतो. सरकारी पगार आणि सेवेचा दर्जा यांचा काहीही संबंध दिसला नाही. पगार पदवीवर आणि नोकरीच्या वर्षांवर ठरतो. पेशंटसाठी काय केलं यावर ठरत नाही. खासगी बाजारात मात्र जास्त फी घेणारे साधारणपणे जास्त तपासत होते आणि बरोबर उपचारही जास्त करत होते.

बाजाराची दुसरी बाजू

पण तिथेच पुढचं वाक्य आहे आणि ते सोडून चालणार नाही. जास्त फी घेणारे गरज नसलेली औषधंही जास्त देत होते. पेशंट कष्टाला पैसे देतो, तसाच पुड्यांच्या संख्येलाही देतो. कुठली पुडी कामाची होती हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून बाजार दोन्हींना सारखाच भाव देतो. काहीच औषध नको, फक्त मीठ-साखर-पाणी पाजा, असं सांगणाऱ्याला फी मागायला संकोच वाटतो आणि पेशंटला द्यायला जिवावर येतं.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. बिहारमध्ये मनोज मोहनन आणि सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी गावच्या डॉक्टरांना तोंडी विचारलं की मुलाला जुलाब असतील तर काय द्याल? सुमारे ७२ टक्क्यांनी जलसंजीवनीचं नाव घेतलं. मग त्यांच्याकडे शिकवलेले पेशंट पाठवले. प्रत्यक्षात जलसंजीवनी दिली सुमारे १७ टक्क्यांनी. माहिती असणं आणि करणं यांत एवढी मोठी दरी.

ही दरी कशाने पडते, याचा शोध पुढे कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ शहरांत दोन हजारांहून अधिक डॉक्टर-वैद्यांकडे घेतला गेला. ते काम २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. जलसंजीवनी दुकानात नसते म्हणून, की तिच्यात नफा नाही म्हणून, की पेशंटलाच ती नको असते म्हणून? उत्तर सगळ्यांनाच अनपेक्षित होतं. साठा नसणं आणि नफा नसणं या दोन्हींचा वाटा किरकोळ निघाला. सर्वांत मोठं कारण डॉक्टरांची समजूत: लोकांना जलसंजीवनी नको असते, त्यांना ‘खरं औषध’ हवं असतं. आणि पेशंटने आपण होऊन जलसंजीवनी हवी असं दाखवलं की ती मिळण्याचं प्रमाण शंभर भेटींमागे २७ ने वाढलं. बापाने एक वाक्य जास्त बोललं आणि उपचार बदलला.

म्हणून मध्य प्रदेशच्या निष्कर्षावरून ‘सगळं खासगी करा’ असं कुणी सुचवलं की मी सावध होतो. बाजार डॉक्टरला कष्ट करायला लावतो, पण कष्ट कुठल्या दिशेने करायचे हे पेशंटच्या समजुतीवर सोडतो. प्रतिजैविकं विनाकारण पोटात जाण्याची किंमत त्या फीमध्ये कुठेच धरलेली नसते. ती गावातला पुढचा आजारी भरतो, जेव्हा त्याच्यावर औषध चालत नाही.

मग झोलाछापांचं काय करायचं

यावरही पुरावा आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात लिव्हर फाउंडेशन या संस्थेने पदवी नसलेल्या ३०४ उपचारकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं निवडून नऊ महिने शिकवलं, आणि मग सगळ्यांकडे शिकवलेले पेशंट पाठवले. निष्कर्ष २०१६ मध्येच आले. प्रशिक्षण घेतलेल्यांचं बरोबर हाताळणीचं प्रमाण शंभर भेटींमागे सुमारे आठने वाढलं. गरज नसलेली औषधं देण्याची सवय मात्र तसूभरही बदलली नाही. ज्ञान दिलं की ज्ञान वाढतं. धंद्याचं गणित त्याने बदलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात इतक्या स्वच्छ दिसणं दुर्मिळ आहे.

आपल्याकडे गडचिरोलीत वेगळ्या वाटेने हाच प्रश्न हाताळला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन, श्वास, तापमान कधी आणि कसं बघायचं, काय दिसलं तर काय करायचं, हे ठरवून दिलं आणि त्यांच्या कामाची नियमित तपासणी ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्या बायकांकडे पदवी नव्हती, पुड्या विकून मिळणारा नफाही नव्हता. प्रत्येक बाळासाठी काय करायचं ते ठरलेलं होतं, आणि ते झालं की नाही हे बघणारं कुणीतरी होतं.

हा अभ्यास कुठे थांबतो

तीन आजार, आणि तेही पहिल्या भेटीतले. मधुमेह आणि रक्तदाब यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे एका भेटीत काही ठरत नाही, वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी जाण्यात आणि गोळी न चुकण्यात सगळं आहे. लेकरू समोर नसताना बापाशी बोलणं आणि लेकरू समोर असताना तपासणं यांतही फरक पडू शकतो. अनोळखी पेशंट म्हणून ही माणसं गेली. ओळखीच्या कुटुंबाशी तोच डॉक्टर कदाचित वेगळा वागेल. आणि बरोबर उपचार म्हणजे काय याची व्याख्या बरीच सैल ठेवली होती. ती कडक केली असती तर दोन्ही बाजूंचे आकडे आणखी खाली गेले असते.

मध्य प्रदेशचं चित्र देशभर लावता येणार नाही हेही खरं. मध्य प्रदेशच्या अभ्यासकांपैकी काहींनी पुढे १९ राज्यांतल्या १,५१९ गावांची पाहणी मांडली. गावातल्या सेवा देणाऱ्यांपैकी ६८ टक्के पदवीशिवायचे होते. पण तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या पदवी नसलेल्यांचं वैद्यकीय ज्ञान उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या पदवीधर डॉक्टरांपेक्षा सरस निघालं. राज्य बदललं की पाटीवरच्या अक्षरांचा अर्थही बदलतो.

महाराष्ट्रात हे कुठे लागू पडतं

मुंबईपुरतं थोडं माहीत आहे. क्षयरोगाची लक्षणं घेऊन शिकवलेले पेशंट मुंबई आणि पाटणा या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत गेले. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य हाताळणी झाली साधारण ३५ टक्के भेटींत. दोन-तीन आठवड्यांचा खोकला घेऊन आलेल्या माणसाला बेडका तपासायला न पाठवता खोकल्याचं औषध आणि प्रतिजैविक देऊन घरी पाठवणं, हे ज्या शहरात क्षयरोगाचा एवढा भार आहे तिथे होतं, ही अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

ग्रामीण महाराष्ट्राचं काय? इथे सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना खासगी व्यवसाय करू नये म्हणून व्यवसायरोध भत्ता दिला जातो. हेतू चांगला आहे. पण मध्य प्रदेशच्या पुराव्यासमोर ठेवला तर दिसतं की भत्ता संध्याकाळची खुर्ची बंद करतो, दुपारच्या खुर्चीवर काय होतं याला तो हात लावत नाही. उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामावर आधारित आहे, हे पाऊल योग्य दिशेचं. मात्र काम मोजलं जातं ते मुख्यतः संख्येवर: किती ओपीडी, किती जणांची तपासणी, किती नोंदी ऑनलाइन चढल्या. रक्तदाब मोजला, नोंद केली, आकडा भरला. तो जास्त निघाला तेव्हा पुढे काय केलं, हे त्या आकड्यात येत नाही. मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू झाला. तिथेही दवाखाने किती उघडले आणि लाभार्थी किती, हेच ऐकायला मिळतं.

माझं म्हणणं साधं आहे. एखाद्या जिल्ह्यात, समजा नंदुरबार किंवा यवतमाळला, जिल्हा परिषदेने आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या) विभागाने मिळून असे पेशंट तयार करावेत. आजार आपल्या मातीतले घ्यावेत: लेकराचे जुलाब, तीन आठवड्यांचा खोकला, आणि पहिल्यांदाच वाढलेला आढळलेला रक्तदाब. आरोग्य केंद्र, उपकेंद्र, बीएएमएस डॉक्टरांचे दवाखाने, औषधांची दुकानं, आणि पदवी नसलेले जे कुणी आहेत ते, सगळीकडे तेच पेशंट जावेत. डॉक्टरांना आधी सांगावं की पुढच्या काही महिन्यांत असं कुणीतरी येऊन जाईल, कोण आणि कधी ते सांगणार नाही. नावं जाहीर करू नयेत, कारवाईची भीती घालू नये. प्रत्येकाला त्याचा स्वतःचा निकाल बंद पाकिटात द्यावा आणि शेजारी जिल्ह्याची सरासरी लिहावी: तुम्ही अमुक प्रश्न विचारले, इतर साधारण इतके विचारतात.

खर्च फार नाही. माणसं गावातली, औषधं विकत घ्यायची आणि टाकून द्यायची, प्रवास एसटीने. अवघड आहे ते दुसरंच. निकाल हाती आल्यावर सरकारी आकडा वाईट निघाला तर तो दडपायचा नाही आणि खासगी वाईट निघाला तर त्याचा उत्सव करायचा नाही, हे आधीच लेखी ठरवून घ्यावं लागेल, आणि त्यावर जिल्हाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि डॉक्टरांच्या संघटना अशा तिघांच्याही सह्या लागतील.